डॉक्टरीणबाईंची गाडी

त्या माणसाचा मला अजून राग येतो. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही तेव्हा कन्नड मुलखात, बनशंकरीला भाड्याच्या घरात राहायचो. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर. सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर यायची, त्याला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि दिवेलागणीला आणून सोडायची. मधल्या वेळात घरात मी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाई साताऱ्याच्या. गुडघ्यांनी त्यांना अगदी बेजार केलं होतं. त्यांना जयनगरला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे आधी अर्धा रस्ता ऑटोच्या मागे धावायचं. जवळचं भाडं म्हटल्यावर ऑटोवाले मान हलवून पुढे जायचे. थांबलाच एखादा, तर सासूबाईंना त्यात चढवताना त्या ‘आई गं’ म्हणायच्या आणि मला वाटायचं आपणच त्यांना मारतोय.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. चालवणार मी. घराजवळच्या क्लासात जाऊन शिकले, परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. क्लासचे सर म्हणाले होते, तुमचा हात चांगला आहे. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं होतं.

नवी गाडी परवडणारी नव्हती. जुनी बघायला लागलो, तेव्हा मराठी मंडळातल्या कुणीतरी नवऱ्याला सांगितलं की भाऊ त्यांची गाडी काढतायत. भाऊ म्हणजे मंडळाचे खजिनदार. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मी मात्र इथे त्याला ‘तो’ म्हणणार आहे.

तो साठीच्या आतबाहेरचा, गोरटेला, इस्त्रीच्या झब्ब्यातला. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. गणपतीत आरतीच्या वेळी ताम्हन याच्याच हातात. बसवनगुडीत त्याचं स्वतःचं घर होतं. रविवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा फाटकाच्या आत पांढरी छोटी गाडी धुऊनपुसून उभी होती. त्याच्या बायकोने शिरा केला होता, केळं घालून.

“पहिली मालकीण एक डॉक्टरीणबाई,” तो सांगत होता. “घर ते दवाखाना, एवढीच फिरली. मग आमच्या हिच्या नावावर घेतली. ही देवळात नेते, भाजीला नेते, बस्स. आता हिला डोळ्यांचा त्रास सुरू झाला, म्हणून काढायची. नाहीतर काढली नसती.”

नवरा जरा चाचरत म्हणाला, “एकदा मेकॅनिकला दाखवून घेऊ का?”

“जरूर दाखवा,” तो लगेच म्हणाला. “पण एक सांगतो, इथले मेकॅनिक आणि दलाल आतून एक असतात. चांगल्या गाडीला नावं ठेवतील आणि स्वतःच्या ओळखीची भंगार तुमच्या गळ्यात मारतील. मला काय, तुमचं समाधान होऊ दे. या परक्या गावात आपण मूठभर माणसं. आपल्याच माणसाला फसवून मी दर गणपतीत तोंड कुठे लपवू?”

नवरा ओशाळला. मेकॅनिकचा विषय तिथेच मिटला. चक्कर मारायला निघालो तेव्हा स्टिअरिंगवर तोच बसला. मी म्हटलं, मी थोडी चालवून बघते. त्यावर तो हसून म्हणाला, “वहिनी, विमा अजून आमच्या नावावर आहे. उद्यापासून गाडी तुमचीच. मग मैसूरपर्यंत न्या!” आणि आम्हाला सगळ्यांना घेऊन रिकाम्या सपाट रस्त्याने एक फेरी मारून आणली.

गाडी न्यायला गेलो त्या दिवशी त्याच्या बायकोने बॉनेटला हळदकुंकू लावलं. मग ड्रायव्हरच्या दारापाशी उभी राहून तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. लेक सासरी निघावी तसं. मलाच भरून आलं. मी तिचा हात धरून म्हटलं, “काळजी करू नका, मी जपेन.”

जपली मी. रोज सकाळी पुसायची. पण गाडी माझ्याशी धड वागेना. दुसरा गिअर पडायचाच नाही. पडला तर करकर आवाज करत पडायचा आणि चढावर आपोआप सुटायचा. क्लच कधी वर लागे, कधी खाली. सिग्नलवर गाडी बेडकासारख्या उड्या मारायची.

“तू क्लच अर्धवट दाबतेस,” नवरा म्हणाला.

मी पूर्ण दाबायला लागले. मांडी भरून यायची. तरी तेच. मग त्याने फोन करून त्या माणसाला विचारलं. फोनवर बराच वेळ हं, हं चाललं होतं. रात्री जेवताना नवऱ्याने मला निरोप सांगितला. “भाऊ म्हणाले, वहिनी नवीन आहेत, सवय होऊ दे. गिअरवर बायकांचा हात जरा जड पडतो. त्यांच्या घरी कधी तक्रार नव्हती.”

मला ते पटलं. ही गोष्ट आज आठवली की त्या माणसापेक्षाही त्या वाक्याची जास्त चीड येते. भल्या पहाटे उठून, रस्ता रिकामा असताना, मी एकटीच गल्लीत गिअर बदलण्याचा सराव करायची. पहिला, दुसरा, करकर, परत पहिला. शेजारच्या घरांतून खिडक्या बंद झाल्याचे आवाज यायचे. लायसन्स देणाऱ्या माणसानेच माझ्यावर दया केली असणार, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एकदा जयनगरला ऐन गर्दीत, सासूबाई मागे बसलेल्या असताना, गाडी गिअरमध्ये अडकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. मागे सिटी बस. तिच्या हॉर्नने कान फाटायची वेळ आली. ट्रॅफिक पोलीस आला, कन्नडमध्ये ओरडला, “लायसन्स कुणी दिलं तुला?” कॉलेजातल्या चारपाच मुलांनी हसतहसत गाडी ढकलून कडेला लावली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मागून सासूबाई म्हणाल्या, “जमत नाही तर कशाला हट्ट करायचा, बाई.”

त्या संध्याकाळी मी किल्ली टीव्हीवर ठेवली आणि नवऱ्याला सांगितलं की मी आता चालवणार नाही. त्याने ‘बरं’ म्हटलं. त्या ‘बरं’मध्ये त्याला सुटल्यासारखं वाटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या रविवारी त्याने स्वतः चालवून बघितली. गिअर त्यालाही पडला नाही. घरी येऊन म्हणाला, “तू पार वाट लावलीस गिअरबॉक्सची.”

गाडीवर कव्हर चढलं आणि आम्ही परत ऑटोच्या मागे धावायला लागलो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कन्नड कुटुंब होतं. त्यातली सून बँकेत नोकरीला. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आणि तिच्या मोडक्या हिंदीत आमच्या गप्पा चालायच्या. एका सकाळी बस बंद होत्या आणि ऑटोवाले वाटेल ते मागत होते. ती धावतच खाली आली. “अक्का, बँकेपर्यंत स्वल्प सोडता का? आज मला उशीर करून चालणारच नाही.”

मी म्हटलं, मला येत नाही चालवता.

“येतं हो. मी बसते ना शेजारी. हळूहळू जाऊ.”

कव्हर काढलं. ती आत बसली आणि इकडेतिकडे बघायला लागली. देवळाच्या पुढे डावीकडे वळायचं होतं. मी स्टिअरिंग फिरवलं, तेवढ्यात तिने झटकन हात पुढे करून समोरच्या कप्प्याचं झाकण दाबून धरलं. ते झाकण डावीकडे वळताना दरवेळी उघडून खाली पडायचं. पण हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती आमच्या गाडीत पहिल्यांदाच बसली होती.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. “अक्का, मी या गाडीवर ड्रायव्हिंग शिकलेय! हे झाकण असंच उघडायचं आणि आमचे सर शिव्या घालत ते बंद करायचे. तुमच्या बाजूची काच अर्धीच खाली जाते ना?”

काच अर्धीच खाली जायची.

मी गाडी कडेला घेतली. तिने पायाखालची रबरी चटई उचलली. खाली पत्र्याला दोन ठिकाणी ठिगळं होती, वेल्डिंग करून वर रंग फासलेला. तिने एकेका ठिगळावर पाऊल टेकवलं. “हा सरांचा ब्रेक होता, आणि हा क्लच. आम्ही चुकलो की ते इथून दाबायचे. अख्खा दिवस ही गाडी फिरायची, अक्का. एक उतरला की दुसरा बसायचा. आम्ही सगळ्यांनी हिचा गिअर खाल्ला.” बोलताबोलता तिचं हसू थांबलं. माझा चेहरा तिला दिसला असावा.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. खरंच सांगते. मला येत होतं! मला सगळं येत होतं! आणि मग त्या आनंदाच्या मागून राग आला. तिला बँकेत सोडलं. परत येताना गिअर करकरला तेव्हा मी त्या माणसाला मोठ्याने शिवी दिली. त्याआधी मी कधी कुणाला शिवी दिली नव्हती.

दोन दिवसांनी तिने मला तिच्या क्लासच्या मालकाकडे नेलं. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. “हो, आमचीच. पेडल काढून, दारावरची अक्षरं पुसून, रंग देऊन दिली. आमच्या जुन्या गाड्या तेच घेतात, तुमच्या मंडळाचे ते. चांगलं गिऱ्हाईक आहे.”

“पण गाडीच्या आरसी पुस्तकावर पहिलं नाव बाईचं आहे. डॉक्टरीणबाईंचं.”

“ते माझ्या बायकोचं नाव. डॉक्टर?” तो खदखदून हसला. “अहो, तिला इंजेक्शन बघितलं तरी चक्कर येते.”

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. ‘तुझं चुकलं नव्हतं’ एवढं म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “मी भाऊंशी बोलतो. शांतपणे. तू मध्ये पडू नकोस. आमच्या बसमधली निम्मी माणसं मंडळात आहेत.”

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. “मला गाडीपाशी ने,” त्या म्हणाल्या. मी नेलं. पुढच्या सीटवर बसून त्यांनी चटई बाजूला सारली आणि अनवाणी तळव्याने ती ठिगळं चाचपली. बराच वेळ चाचपली. मग म्हणाल्या, “रविवारी मला त्याच्या घरी घेऊन चल. तो नाही आला तरी चालेल.” तो म्हणजे त्यांचा मुलगा.

तो आला नाही. रविवारी आम्ही दोघीच निघालो. दुसरा गिअर टाळून, पहिल्यावरून सरळ तिसऱ्यावर टाकत मी गाडी बसवनगुडीपर्यंत नेली. सासूबाई पुढे बसून झाकण धरून होत्या.

फाटकाच्या आत दुसरी गाडी उभी होती, निळी, धुऊनपुसून. दिवाणखान्यात एक तरुण जोडपं बसलं होतं. नवीन लग्न झालेलं, पुण्याचं, मुलगा कंप्युटरच्या कंपनीत लागलेला. त्यांच्या हातात शिऱ्याच्या बश्या होत्या. आम्हाला बघून त्या माणसाच्या बायकोचा हात ट्रेवर थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“या या वहिनी! आईंनाही घेऊन आलात? बसा.”

सासूबाई सोफ्याच्या मधोमध बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली. मी उभीच राहिले.

“आमची गाडी ड्रायव्हिंग क्लासची होती,” मी म्हटलं. “तुम्ही क्लासवाल्याकडून घेतली. डॉक्टरीणबाई कुणी नव्हती.”

“वहिनी, हे आपण नंतर बोलू या का? पाहुणे आहेत.”

“पाहुण्यांसमोरच बोलू.”

तो त्या जोडप्याकडे वळला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, “या नुकत्या शिकल्यात. गाडीचं नुकसान झालंय यांच्या हातून. घरात बोलणी बसली असतील. माणूस वैतागतं, मी समजू शकतो.”

एवढी तयारी करून आले होते आणि तो मला त्या पोरांसमोर वेडी ठरवून मोकळा झाला होता.

सासूबाईंनी त्याच्या बायकोकडे बघून विचारलं, “हिलाही डोळ्यांचा त्रास आहे का गं, या निळीला?”

बायकोने ट्रे खाली ठेवला.

मग सासूबाई त्या मुलीकडे वळल्या. “तुला काय सांगितलं, बाळ? कुणाची होती म्हणाले?”

मुलगी गोंधळली. नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “प्रोफेसरीणबाईंची.”

“कॉलेज ते घर?”

“हो.”

“पायाखालची चटई उचलून बघ जा. आम्ही बसलोय.”

तो मुलगा बशी खाली ठेवून उठला. त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा चढला. “हे माझं घर आहे! आई, तुम्ही वयाने मोठ्या आहात म्हणून ऐकून घेतोय. बघून, फिरवून, सही करून नेलीत गाडी. मी काय गळ्याला सुरी लावली होती? चालवता येत नाही ते बोला ना. सुनेला आवरा आधी.”

“सून आवरायला मी आले नाही,” सासूबाई म्हणाल्या. “गाडी परत घे. तोवर मी उठत नाही.”

मुलगा बाहेरून आला. निळ्या गाडीच्या चटईखाली काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. तो बायकोला फक्त ‘चल’ म्हणाला. जाताना ती मुलगी सासूबाईंच्या पाया पडली. त्या माणसाने ते बघितलं.

गाडी त्याने परत घेतली नाही. सासूबाई दुपारपर्यंत बसल्या. बायको आत निघून गेली, तो आतबाहेर करत राहिला, एकदा म्हणाला पोलिसांना बोलावतो. सासूबाई म्हणाल्या, बोलाव. नाही बोलावलं. शेवटी त्याने नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणालातरी फोन केला, त्याने नवऱ्याला गाठलं, आणि नवरा ऑटोने येऊन आम्हाला गाडीसकट घेऊन गेला. दारात त्याने त्या माणसाला काय म्हणावं? “माफ करा, भाऊ.”

मी तीन आठवडे नवऱ्याशी बोलले नाही. कदाचित जास्तच. जेवण वाढायचे आणि उठून जायचे.

मंडळात गोष्ट पोहोचली ती अशी, की आम्ही दोघींनी भाऊंच्या घरात घुसून तमाशा केला, वहिनींचा पाणउतारा केला. खरं काय ते सांगायला मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसत ऐकलं आणि म्हणाले, “हा तुमचा दोघांचा खासगी व्यवहार. मंडळात नको आणायला. भाऊंनी मंडळासाठी फार केलंय.” मी विचारलं, अजून किती जणांना त्यांनी गाड्या विकल्या? त्यांनी चष्मा परत घातला. त्यांच्या अंगणातही एक जुनी गाडी उभी होती. ती कुठून आली हे मी विचारलं नाही, पण येताना तिच्याकडे नीट बघून घेतलं.

गिअरबॉक्स नवा टाकून घेतला. गाडी मग मीच चालवली, कितीतरी वर्षं. सासूबाईंना जयनगरला, मुलीला शाळेत, एकदा मैसूरलाही. नवऱ्याने चालवायचा विषय काढला नाही आणि मीही किल्ली त्याच्या हातात दिली नाही.

त्या माणसाची बायको मला एकदा गांधीबाजारात दिसली. फुलवाल्यापाशी उभी होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तुम्ही का रडलात त्या दिवशी?”

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग हळू म्हणाली, “आमच्या घरात काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही.”

“मग सांगा.”

डोळे भरले तिचे. मला दया आली नाही. आली असती तर इथे लिहायला बरं दिसलं असतं. मला एवढंच वाटलं, की ही बाई पाहिजे तेव्हा रडू शकते. मी फुलं न घेताच निघून आले.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाचे दोघंजण वर्गणीला आले. मी फाटक उघडलं नाही. “खजिनदार बदलले की या,” म्हटलं. ते एकमेकांकडे बघत परत गेले. चतुर्थीनंतर नवऱ्याने कारखान्याच्या बसमधून उतरताना हातात लाडवांचा डबा आणला. बसमध्येच कुणाकडे तरी वर्गणी देऊन आला होता, मला न सांगता.

“प्रसाद आहे,” तो म्हणाला. “प्रसादाला नाही म्हणू नये.”

सासूबाईंनी डबा घेतला, उघडून बघितला, आणि झाकण लावून परत त्याच्याच हातात दिला. “तू खा,” म्हणाल्या.

आम्ही दोघींनी त्या दिवशी आमटीभात खाल्ला.